पिंप, नाव, देग

वसईच्या एव्हरशाईन सिटीत आमच्या इमारतीच्या फाटकापाशी यमुनाबाई भोईर भाजी घेऊन बसतात, त्याला आता चोवीस वर्षं झाली. घर गोखिवऱ्याच्या पलीकडे, खाडीकडच्या जुन्या आगरी वस्तीत. घरामागे थोडी जमीन उरली आहे. तिच्यात त्या वाल, मुळा, मेथी, लाल माठ लावतात आणि सकाळी साडेसातला रिक्षातून टोपल्या उतरवतात. टोपल्या उतरल्या की पहिलं काम जुड्या मोजायचं.

“ईन, दाय, त्री, पेदवार, पिंप, खेक, साय, उई, नाव, देग.”

दहा झाल्या की एक मिरची बाजूला ठेवायची आणि पुन्हा ईनपासून सुरुवात.

नव्या माणसाला वाटायचं, आगरी बोलीत असं मोजत असतील. आगरी माणसं हसून सांगायची, नाही बाबा, आमच्यात असं कोणी मोजत नाही. इमारतीतली मुलं ‘पिंप’ ऐकायला मुद्दाम थांबायची.

“मावशी, पाच म्हणजे पिंप, मग सहा म्हणजे बादली का?”

“बादली नाय, खेक,” यमुनाबाई म्हणायच्या. “खेकरा येल नि नाक धरंल तुजा.”

मी लिहिणारा माणूस नाही. नोकरीत चाळीस वर्षं इंग्रजी पत्रं टाइप केली, तीही दुसऱ्यांनी सांगितलेली. पण यंदा जे घडलं ते माझ्यादेखत घडलं आणि त्यात एक चूक माझीही आहे. म्हणून मीच लिहावं, असं माझ्या पत्नीचं, वसुंधरेचं म्हणणं पडलं. काही राहून गेलं असेल तर ते माझ्या हातून राहिलं असं समजावं.

ही मोजणी यमुनाबाईंना त्यांच्या आजीनं, बापाच्या आईनं शिकवली. तिचं नाव धोंडूबाई. नव्वद-एक वर्षांपूर्वी खाडीवरच्या पुलाच्या कामावर एक गोरा इंजिनियर होता आणि धोंडूबाईचा नवरा तिथंच मजुरीला जाई. धोंडूबाईचं पहिलं मूल तीन महिन्यांचं होऊन गेलं. त्याच सुमारास साहेबाच्या बाईला मुलगी झाली आणि बाईनं तापानं अंथरूण धरलं. मुलीला दूध पाजायला धोंडूबाईला बोलावणं आलं. मुलीला तिचा इतका लळा लागला, की साहेब मायदेशी निघाला तेव्हा मूल दुसऱ्या कोणाच्या हातात राहीना. साहेबानं नवऱ्याला विचारलं, नवऱ्यानं धोंडूबाईला विचारलं, आणि ती बोटीत बसून गेली. दोन वर्षांनी परत आली.

गावानं विचारलं, “कुठं होतीस?”

“विलायतेला.”

“मग बोल इंग्रजी.”

धोंडूबाईनं मोजून दाखवलं. ईनपासून देगपर्यंत.

गावात इंग्रजी येणारा तेव्हा एकच माणूस होता, मिठागरावरचा कारकून. त्याला बोलावून आणलं. त्यानं वन, टू, थ्री म्हणून दाखवलं आणि सांगितलं, की याला इंग्रजी म्हणतात. ही म्हणते त्यात पिंप आहे, नाव आहे, देग आहे. एक होडी आणि दोन भांडी. मुंबईच्या धक्क्यावर राहून चार शब्द उचलून आली आहे, दुसरं काही नाही.

मुंबईच्या धक्क्यावर दोन वर्षं राहून एकट्या बाईनं काय केलं असेल, याचा अर्थ गावानं आपल्या मनानं लावला. नवऱ्यानं काही न विचारता तिला घरात घेतलं, पुढे यमुनाबाईंचे वडील झाले, संसार झाला. पण पाणवठ्यावर तिच्या घागरीशेजारी कोणी घागर ठेवत नसे. ती आणखी काही सांगायला गेली की हसू वाढायचं. तिकडे पाऊस पांढरा पडतो. तिकडे समुद्रातलं शेवाळ शिजवून सकाळी भाकरीशी खातात. लोक पोट धरून हसायचे. कोणी थाप मारली की गावात म्हणायची पद्धतच पडली, “बसला धोंडूच्या नावेत!” धोंडूबाई जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण ते बोलणं राहिलं. यमुनाबाईंना त्याच गावात दिलं, त्यामुळे सासर-माहेर दोन्हीकडे तेच ऐकावं लागलं.

धोंडूबाईनं मात्र मोजणी सोडली नाही. लावणीच्या वेळी रोपांच्या जुड्या ती तशीच मोजायची आणि चिखलात मागे उभ्या असलेल्या नातीकडून म्हणून घ्यायची. “इसरू नको गो पोरी. येक ना येक दिस कोनतरी वलखील.”

कोणीतरी ओळखील. एवढ्यासाठी यमुनाबाई सत्तरीला आल्या तरी मोठ्यानं मोजत होत्या. हे मला फार उशिरा कळलं. एकदा वसुंधरेनं सहज विचारलं होतं, की गावातल्या बाजारात का बसत नाही, जवळ पडेल. तर म्हणाल्या, “वहिनी, गावान कोन वलखनार? हितं तुमच्या बिल्डिंगीन देशोदेशीचं लोक येतान. कोनाच्या तरी कानाव परंल.”

आता माझी चूक. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच निवृत्त झालो होतो. फाटकाशी पाच-सहा बायका भाजी घेत होत्या. यमुनाबाई मला चष्म्यामुळे मास्तर म्हणतात.

“मास्तर, तुमाना इंग्रजी येतंय ना? यो सांगा, इंग्रजी हाय का?” असं म्हणून त्यांनी एक ते दहा मोजलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मला कोणी चारचौघांत काही विचारत नाही. विचारलं याचंच मला अप्रूप वाटलं असावं. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “नाही बाई. ही इंग्रजी नाही. इंग्रजीच्या जवळपाससुद्धा नाही.”

बायका हसल्या. यमुनाबाईंनी माझ्या पिशवीत वालाच्या शेंगा घातल्या, वर रोजच्यासारखी कोथिंबीर ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मिठागरावरच्या कारकुनानंतर तेच वाक्य बोलणारा मी दुसरा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

यंदाच्या मार्चमध्ये एका सकाळी लिडियाबाई आमच्याकडे आल्या. त्या वसुंधरेच्या शाळेतल्या जुन्या सहकारी, वसई गावात राहतात आणि तिथल्या जुन्या आठवणी गोळा करणाऱ्या मंडळात काम करतात. चहा होईपर्यंत त्यांनी मोबाइल काढला.

“सुधाकरराव, तुम्ही पण ऐका. एका बाईनं आपल्या आजीचं गाणं मंडळाला पाठवलंय. एलेरी नाव तिचं, आपल्या घराण्याचा इतिहास शोधतेय. तिची आजी वसईत जन्मली होती. आजी चार वर्षांपूर्वी गेली, मरेपर्यंत एक अंगाई म्हणायची. तिकडे हिंदी जाणणाऱ्या कोणाला तरी ऐकवली, तो म्हणाला ही हिंदी नाही, लहान मुलाचं बोबडं बोलणं आहे. घरच्यांनीही तेच धरलं. म्हातारीला कोणी खरं मानलं नाही.”

“तुमच्या बोलीतली आहे का?” वसुंधरेनं विचारलं.

“आमच्यातली नाही गं. पाणी पाणी काहीतरी म्हणते. उच्चार तिकडचे, पुढचं लागत नाही.”

त्यांनी बटण दाबलं. एक कापरा, म्हातारा आवाज आला.

नीज गो बाय, नीज गो बाय,
खारीन पानी भरलंय काय?
भरलंय पानी, सुटली नाव...

खाडीत पाणी भरलं, नाव सुटली आणि इथं गाणं तुटलं. म्हातारी स्वतःशीच हसली आणि मोजायला लागली. “ईन, दाय, त्री, पेदवार, पिंप...”

माझ्या हातातला कप बशीत कलंडला. वसुंधरा म्हणाली, “अहो, चहा!” मी म्हटलं, “चहा राहू दे. हे पुन्हा लावा.”

पुन्हा लावलं. पिंप आलं, पुढे नावही आली, देगही आली.

“ही कुठली भाषा?” मी विचारलं.

“वेल्सची,” लिडियाबाई म्हणाल्या. “इंग्लंडच्या शेजारचा मुलूख. त्यांची आपली वेगळी भाषा आहे. इंग्रजीच्या जवळपाससुद्धा नाही.”

माझेच शब्द. बारा वर्षांपूर्वी मी बोललो ते अगदी बरोबर होतं, आणि तरीही इतकं चुकीचं मी आयुष्यात दुसरं काही बोललो नसेन.

मी मोबाइल घेऊन तसाच जिना उतरलो. लिडियाबाई आणि वसुंधरा मागून आल्या. फाटकाशी यमुनाबाई मुळ्याची पानं निवडत होत्या. मी नुसता मोबाइल त्यांच्या कानाशी धरला.

निवडणारे हात थांबले. ‘सुटली नाव’ झालं, आवाज तुटला, आणि यमुनाबाई डोळे मिटून पुढची ओळ म्हणाल्या.

“उजारलं म्हंजे मामाचं गाव.”

लिडियाबाईंनी तोंडावर हात ठेवला. “यमुनाबाई, ही ओळ तिकडे कोणालाच माहीत नाही हो!”

“कशी आसंल? ही वल यवस्तोवर पोर झोपतंच.” त्यांनी डोळे उघडले. “यी म्हातारी कोन?”

“एलेरीची आजी. ग्वेन तिचं नाव.”

“गेनू?” यमुनाबाई उठून उभ्या राहिल्या. मांडीवरची मुळ्याची पानं खाली पडली. “आमच्या आजीची गेनू? येवरी म्हातारी झाली?”

ग्वेनला वारून चार वर्षं झाली, हे मला सांगावं लागलं. यमुनाबाई परत खाली बसल्या. मग म्हणाल्या, “माज्या बापाची दूधबहीन. म्हंजे माजी आत्या गेली नि मना म्हायतीच नाय.”

दुसऱ्या दिवशी फाटकाशी टोपल्या आल्या नाहीत. मला वाटलं, मी काहीतरी चुकीच्या पद्धतीनं सांगितलं, त्यांना लागलं असणार. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा मी खाली मान घालून म्हणालो, “यमुनाबाई, त्या दिवशी बायकांसमोर मी जे बोललो...”

“खरंच तर बोललाव, मास्तर. इंग्रजी नव्हतीच ना ती.”

“पण मग काल आला नाहीत?”

“आत्या गेली नव्हं का? येक दिस तरी सुतक पालाया नको?” असं म्हणून त्यांनी मेथीच्या जुड्या उतरवल्या आणि मोजायला लागल्या. पिंप इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की वॉचमन दचकला.

एलेरीला सगळं कळवलं. तिनं लगेच उलट लिहिलं, बोलायचंच आहे, समोरासमोर. यमुनाबाईंनी एकच अट घातली. मोबाइलवर बोलायचं ते आपल्या अंगणात आणि गावादेखत. “माज्या एकटीशी बोलून काय? मना तं म्हायतीच हाय.”

रविवारी दुपारी साडेचारला आम्ही तिथं पोचलो तर अंगणात पन्नास-साठ माणसं. खुर्च्या, सतरंज्या, ओट्यावर म्हाताऱ्या बायका. यमुनाबाईंची नात निधी, ही कॉलेजात शिकते, तिनं शेजारच्यांचा मोठा टीव्ही आणून त्याला मोबाइल जोडला होता. पुढच्या खुर्चीत यमुनाबाईंचे दीर धर्मा बसले होते. वय बहात्तर, मिशा पांढऱ्या, आणि ‘धोंडूची नाव’ हे शब्द सगळ्या गावात त्यांच्याइतके कोणी वापरले नसतील.

“वयनी, आज नाव कितीला सुटनार?” त्यांनी विचारलं. लोक हसले.

“तू बसशील तवा,” यमुनाबाई म्हणाल्या. हिरवी साडी, अंबाड्यात अबोली.

टीव्हीवर एलेरी आली. पस्तिशीची, लाल केसांची, चष्मा घातलेली. निधी इंग्रजीतून तिला आणि मराठीतून अंगणाला सांगू लागली. आधी ती एकदा घाबरून माझ्याकडे बघत म्हणाली, “काका, अडले तर सांगा हां.” तिला एकदाही अडलं नाही.

यमुनाबाईंनी नमस्कार केला आणि दुसरं काही न बोलता मोजायला सुरुवात केली. ईन. दाय. त्री. पेदवारपर्यंत एलेरी ऐकत राहिली. पिंपला तिचा बांध फुटला. ती रडत रडत पुढचे आकडे बरोबर म्हणू लागली, दोघींचा देग एकदमच झाला. मग ती डोळे पुसत काहीतरी म्हणाली.

“आजी, ती म्हणतेय तुझं खेक थोडं चुकतंय,” निधी म्हणाली. “ख्वेख आहे ते.”

“नव्वद वर्सान येवरंच चुकलं ना?” यमुनाबाई म्हणाल्या. “चालंल.”

अंगणात हशा झाला. धर्मा मात्र हात वर करून उठले.

“थांबा, थांबा. मोबाइलवर काय पन दिसतंय. मोजनी हिना आदीच पाटवली आसंल. निधी, तिला येकच इचार. समुद्रातलं शेवाल शिजवून खातान का तुमच्यान? दुसरं काय सांगू नको, नुसतं इचार.”

ओट्यावरच्या म्हाताऱ्या हसायला लागल्या. शेवाळ म्हणजे धोंडूबाईची सगळ्यात मोठी थाप. यमुनाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आजीचं एवढं एकच बोलणं त्यांना स्वतःलाही कधी पटलं नव्हतं, हे त्यांनी नंतर वसुंधरेला सांगितलं. निधीनं आजीकडे पाहिलं. यमुनाबाईंनी मान हलवली. विचार.

निधीनं विचारलं.

एलेरी क्षणभर बघत राहिली. मग पडद्यावरून उठून गेली. रिकामी खुर्ची दिसत होती. धर्मांनी गावाकडे वळून हात पसरले. “गेली! वयनी, नाव बुरली!”

तेवढ्यात ती परत आली. हातात एक ताटली होती. ताटलीत काळपट हिरवा, चिकट गोळा आणि शेजारी तव्यावर भाजलेली जाड भाकरीसारखी चकती. तिनं ताटली पडद्याजवळ धरली आणि भराभर बोलू लागली.

निधीचा आवाज चढला. “ती म्हणतेय, हे समुद्रातलं शेवाळ आहे. आज सकाळीच शिजवलंय! तिच्या ग्वेन आजीला रोज सकाळी लागायचं. ती विचारतेय, या काकांना हे कसं माहीत?”

धर्मा उभेच होते. बसायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

मग एलेरीनं फोटो दाखवला. गेल्या वर्षी घरातली जुनी ट्रंक उपसताना तो तिला सापडला होता आणि त्यावरूनच तिनं वसईचा शोध सुरू केला होता. दगडी घर. कुंपणाच्या भिंतीवर बर्फ. भिंतीपुढे एक तरणी बाई, आपल्याकडे आगरी बायका नेसत तसं आवळून काष्टा घातलेलं लुगडं, वर पुरुषाचा भलामोठा कोट, पायात बूट. कडेवर टोपडं घातलेली मुलगी. बाईचा एक हात मुलीच्या पाठीवर, आणि कोटाची बाही वर सरकल्यामुळे मनगटावरचं गोंदण स्पष्ट दिसत होतं. तुळशीचं रोप आणि खाली तीन टिंबं.

“पांढरा पाऊस,” ओट्यावरून कोणीतरी हळूच म्हणालं.

सगळ्यात म्हातारी बाई काठी टेकत टीव्हीपर्यंत आली. तिनं पडद्यावरच्या गोंदणाला बोट लावलं. “मना याच हातानी खरवस भरवलाय,” ती म्हणाली. “धोंडूच हाय ती. देवा, धोंडूच हाय.”

फोटोच्या मागे शाईनं लिहिलेलं एलेरीनं वाचून दाखवलं. ग्वेन आणि दोंडी, घरी. खाली साल.

“घरी म्हटलंय?” यमुनाबाईंनी निधीला पुन्हा विचारलं.

“हो आजी. घरी.”

यमुनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, पण एकदाच. लगेच ताठ बसल्या आणि त्यांनी अंगाई म्हटली, चारही ओळी. एलेरी तिकडे बरोबर म्हणत होती. ‘सुटली नाव’ आलं आणि तिनं दोन्ही हात वर करून नऊ बोटं दाखवली.

“हे काय?” लिडियाबाईंनी विचारलं.

एलेरी म्हणाली, आमच्या घरात सगळेच दाखवतात. गाण्यात नाव आलं की नऊ बोटं. त्यांच्या भाषेत नाव म्हणजे नऊ. तीन पिढ्या त्यांना वाटत होतं, की दोंडीच्या गाण्यात हा एकच शब्द आपल्याला कळतो.

निधीनं हे सांगितलं तेव्हा आधी यमुनाबाई हसल्या, मग ओटा हसला, मग सगळं अंगण. इकडे नऊ आले की आम्ही होडी समजून हसत होतो, तिकडे होडी आली की ते नऊ मोजत होते. मला वाटतं, तो शब्द दोन्हीकडे लागतो हे धोंडूबाईला पुरतं ठाऊक असणार. तिनं कोणालाच सांगितलं नाही. विचारलं कोणी?

एलेरीनं दिवाळीनंतर यायचं कबूल केलं. टीव्ही बंद झाला तरी कोणी उठेना. तेव्हा धर्मा पुढे आले. मिशांवरून हात फिरवला. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं.

“वयनी,” ते म्हणाले, “नावेन जागा हाय का?”

“हाय,” यमुनाबाई म्हणाल्या. “पन फुकट नाय. मोजावं लागंल. ईनपासून.”

“मी?”

“तूच. म्हन. ईन.”

“ईन,” धर्मा म्हणाले. “दाय. त्री...” आणि पुढे अडले.

“मास्तर,” यमुनाबाई माझ्याकडे वळल्या. “तुमी सांगा त्याला. तुमाना तं पाठ आसंल.”

साठ माणसांनी माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी आधी चष्मा पुसायला घेतो. पण त्या संध्याकाळी मी उभा राहिलो, चष्मा न पुसता, आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणालो,

“पेदवार.”

“पिंप!” सगळं गाव एकदम ओरडलं.